अठ्ठावीस अंशांची माफी

"मॅडम, तुमचा निकाल लागला," दारात बूट काढता काढताच निनाद कुडाळकर म्हणाला. "चारशे बारा उड्यांपैकी चारशे तीन अचूक. देशात दुसऱ्या कुठल्याच पंचाचा एवढा नाही."

विशाखाबाई रणदिवे खुर्चीतून उठल्या नाहीत. तीन आठवडे त्या या निकालाची वाट पाहत होत्या, आणि तो येऊच नये असंही मनातून म्हणत होत्या.

"आणि उरलेल्या नऊ?"

"नऊच्या नऊ माफीत बसतात. तुम्ही सुटलात!" निनाद हसला आणि समोरच्या कोचावर बसला.

विशाखाबाईंचं वय आता एकोणसाठ. तरुणपणी त्या चाकांच्या बुटांवर खेळल्या, आणि पुण्याबाहेर बर्फाचं मैदान झाल्यावर फिगर स्केटिंगच्या तांत्रिक पंच झाल्या. वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. खेळाडूने मारलेली उडी कोणती, ती पूर्ण झाली की अपुरी राहिली, हे जागच्या जागी मोठ्याने सांगायचं. त्यांनी 'पूर्ण' म्हटलं की प्रतिस्पर्धी प्रशिक्षकसुद्धा वाद घालत नसत. निनाद त्यांच्या शेजारी साहाय्यक पंच म्हणून बसायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने ते काम सोडलं आणि यंत्राच्या मागे लागला.

यंत्र कशासाठी, हे समजायला खेळातली एक गोष्ट ठाऊक हवी. मोठ्या उडीत खेळाडू हवेत तीन फेऱ्या मारते, आणि सगळं पाऊण सेकंदाच्या आत उरकतं. बर्फावर उतरताना शेवटच्या फेरीचा थोडा भाग राहून गेला तरी चालतं. पण राहिलेला भाग पाव फेरीहून, म्हणजे नव्वद अंशांहून जास्त असेल, तर उडी अपुरी ठरते आणि तिचे गुण घसरतात. पाव फेरी राहिली की त्याहून जरा कमी, हे ओळखायचं काम डोळ्यांचं. सगळी भांडणं तिथेच व्हायची.

निनादने डोळा बाजूला ठेवला आणि कान लावला. फेऱ्या पुऱ्या करून उतरलेल्या बुटाचं पातं बर्फावर टेकतं तेव्हा 'खट्' असा कोरडा आवाज येतो. फेरी राहिलेली असेल तर पातं टेकल्यावरही वळत राहतं आणि बर्फ खरवडला जातो. ही खरवड किती वेळ टिकली आणि त्या क्षणी शरीर किती वेगाने फिरत होतं, एवढं कळलं की राहिलेला कोन काढता येतो. निनादने बर्फाच्या थरात केसाएवढ्या काचतंतूंचं जाळं पसरलं आणि त्यांतून प्रकाश सोडला. पात्याच्या धक्क्याने तंतू किंचित ताणला जाई, परत येणारा प्रकाश तेवढाच बदले, आणि अंश न् अंश मोजला जाई. तीन हंगामांत साठ हजार उड्या अशा मोजल्यावर कोणत्या आवाजामागे कोणता कोन असतो, हे यंत्र शिकलं. मग त्याला तंतूंचीही गरज उरली नाही. आवाज असलेली कुठलीही जुनी चित्रफीत त्याला पुरायची.

जुन्या चित्रफिती राष्ट्रीय स्केटिंग मंडळाकडे ढिगाने होत्या. त्या सगळ्या यंत्राला ऐकवायचं ठरलं. पण पंच चुकलेले निघाले तर काय करायचं? माणसाच्या डोळ्याला काहीतरी हद्द असणारच. निनादनेच तोडगा काढला. देशातला सर्वांत भरवशाचा डोळा घ्यायचा आणि त्या डोळ्याची सर्वांत मोठी चूक ही माणसाची हद्द समजायची. चूक त्या हद्दीतली असेल तर पंचाला माफी, आणि निकाल कायम. चूक हद्दीबाहेर गेली किंवा पंचाने गैरवर्तन केलं असेल, तरच निकाल बदलायचा. मंडळाने ते उचलून धरलं. भरवशाचा डोळा कुणाचा, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

"मग हद्द किती आली?" विशाखाबाईंनी विचारलं.

"अठ्ठावीस अंश. तीही एका उडीमुळे. बाकी आठ चुका तेरा अंशांच्या आतच आहेत." निनादचा आवाज जरा खाली आला. "तुम्हाला आठवत असेल. दोन हजार बत्तीस, राष्ट्रीय स्पर्धा. इरावती भोईर, ट्रिपल लुट्झ. आपण अपुरी दिली होती. नव्वदला अठ्ठावीस कमी, म्हणजे बासष्टच अंश राहिले होते तिचे, मॅडम. उडी पूर्ण होती."

विशाखाबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी तेव्हा पूर्ण म्हणत होतो," तो म्हणाला. "तुम्ही स्पष्ट पाहिलं म्हणालात, म्हणून गप्प बसलो. घरी गेल्यावर वाटलं, आपला डोळाच कच्चा. ते काम सोडलं ते त्यामुळेच. पण आता बघा ना, तुमच्यासारख्या माणसालाही समोर स्पष्ट दिसत असताना अठ्ठावीस अंशांचा फरक कळत नाही. म्हणजे दोष ना तुमचा, ना माझा. डोळा या कामाचाच नाही. मला फार बरं वाटलं, मॅडम. खरंच सांगतो."

जाताना त्याने विचारलं, माफी समितीचं अध्यक्षपद घ्याल का? विशाखाबाईंनी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

कारण अगदी लहान होतं. दोन घोट चहाएवढं.

त्या दिवशी बर्फाच्या मैदानावर हाडं गोठवणारी थंडी होती. पंचांच्या मेजावर खाणंपिणं आणायचं नाही, हा नियम विशाखाबाईंनी स्वतः लिहून घेतलेला. पण सकाळपासून सतरा मुली होऊन गेल्या होत्या, घसा धरला होता, आणि अठरावी येण्यापूर्वी त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेतला. अठरावी इरावती भोईर. कल्याणची, अठरा वर्षांची, निळ्या पोशाखातली काटकुळी मुलगी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि सुट्ट्या साठवून मुलीला सरावाला आणायची. त्या हंगामात इरावतीची लुट्झ, म्हणजे तीच तीन फेऱ्यांची उडी, दरवेळी थोडी अपुरी पडत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

इरावतीने उडीसाठी लांबचं वळण घेतलं. विशाखाबाईंनी घोट घेतला, आणि चहाच्या वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला. पुरता पांढरा झाला. त्यांनी तो काढून बोटाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला, तोवर मुलगी उतरून हात पसरून पुढे निघूनही गेली होती.

"ट्रिपल लुट्झ. अपुरी. पुन्हा बघू," त्या बोलून गेल्या. सवयीने.

पुन्हा बघितलं तेव्हा कॅमेरा एकच होता आणि तोही नेमका पाठीमागून. उडालेल्या बर्फात पातं दिसेना. निनाद म्हणाला, "मला पूर्ण वाटली." नियम असा, की शंका असेल तर फायदा खेळाडूला. प्रमुख पंच बलसारा सर मधे बसले होते. ऐंशीला टेकलेले, साऱ्यांना धाकात ठेवणारे. आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीसाठी भारतातून एक नाव जायचं होतं आणि ते पत्र त्याच संध्याकाळी बलसारा सर लिहिणार होते. त्यांनी मान वळवून विचारलं, "विशाखा, तू प्रत्यक्ष पाहिलं?"

'नाही सर, माझा चष्मा धुरकटला होता,' एवढंच म्हणायचं होतं.

"पाहिलं, सर," त्या म्हणाल्या. "स्पष्ट."

इरावती अर्ध्या गुणाहूनही कमी फरकाने दुसरी आली. आशियाई हिवाळी स्पर्धेची एकच जागा होती, ती पहिल्या आलेल्या दिल्लीच्या मुलीला मिळाली. बलसारा सर पुढच्याच वर्षी वारले. विशाखाबाईंचं नाव आंतरराष्ट्रीय यादीत लागलं, त्या दहा देश फिरल्या, आणि मेजावर त्यांनी पुन्हा कधी चहा घेतला नाही. तेवढ्याने भागलं असं त्या स्वतःला सांगत आल्या. 'उडी कदाचित अपुरीच असेल' हा त्यांचा सर्वांत मोठा आधार होता. आता यंत्राने तो काढून घेतला होता, आणि त्या बदल्यात माफी दिली होती.

समितीचं काम सुरू झालं. पंचांना माफी मिळाल्याची पत्रं गेली. ज्या खेळाडूंच्या बाबतीत चूक निघाली, त्यांना पत्रं जायची होती. मजकूर ठरलेला होता. 'आपली उडी पूर्ण होती असे आता सिद्ध झाले आहे. तथापि तत्कालीन पंचांची चूक मानवी दृष्टीच्या मर्यादेतील असल्याने निकालात बदल होणार नाही. झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.' खाली अध्यक्षांची सही. इरावती भोईरच्या पत्रावर सही करताना विशाखाबाईंचा हात अडखळला नाही. हेच त्यांना पुढे जास्त लागलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. हाताने लिहिलेलं, शाळेच्या वहीच्या कागदावर.

'मॅडम, तुम्ही स्वतः सही करून पत्र पाठवलंत, त्यातच सगळं आलं. माझी उडी पूर्ण होती हे वाचून मी आईला फोन केला आणि आम्ही दोघी रडलो. इतकी वर्षं वाटायचं की मला कुणीतरी मुद्दाम मागे टाकलं. ते तसं नव्हतं, माणसाच्या डोळ्याला जमलं नाही इतकंच होतं, हे कळल्यावर माझा राग गेला. तुमचा सगळ्यात जास्त राग केला होता, म्हणून तुमची माफी मागते. इरावती.'

विशाखाबाईंनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. कानामागून मानेपर्यंत गरम झालं, लहानपणी वर्गात सगळ्यांदेखत खोटं पकडलं गेल्यावर व्हायचं तसं. फक्त इथे पकडणारं कुणी नव्हतं. उलट जिच्याशी खोटं बोललं गेलं, तीच माफी मागत होती.

रविवारी सकाळच्या बसने त्या कल्याणला गेल्या.

इरावती एका शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानावर मुलांना चाकांवरचं स्केटिंग शिकवत होती. एकोणतीस वर्षांची झाली होती, अंगाने भरली होती, आणि चालताना उजव्या पायावर जरा कमी भार देत होती. विशाखाबाईंना बघताच ती लगबगीने पुढे आली आणि वाकून नमस्कार करायला गेली. विशाखाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"नको. आधी माझं ऐकून घे."

"अहो, बसा तरी. उन्हातून आलात." तिने मुलांना फेऱ्या मारायला लावल्या आणि कडेच्या पायरीवर रुमाल झटकून जागा केली. "खुब्याचं दुखणं आहे, म्हणून मी उभीच बरी. त्या निकालाचा राग आला, तरी धास्ती होतीच की उडी खरंच कमी पडत असेल. मग जास्त फिरायच्या नादी लागले. रोज साठ-साठ उड्या. दीड वर्षात खुब्यातली कूर्चा फाटली. डॉक्टर म्हणाले, बर्फ विसरा." सगळं तिने जुन्या गोष्टीसारखं हसून सांगितलं. "आता हसू येतं. उडी तर पूर्णच होती!"

विशाखाबाईंनी घरून वाक्यं ठरवून आणली होती. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही.

"इरावती, मी तुझी उडी पाहिलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "मी चहा पीत होते. चष्म्यावर वाफ आली. बलसारा सरांनी विचारलं, पाहिलंस का, तर मी पाहिलं म्हणाले. पाहिलं नाही म्हटलं असतं तर नियमाने उडी तुला मिळाली असती. मला ते नियम पाठ होते. तरी मी बोलले नाही."

इरावतीने मुलांकडे पाहिलं. एक लहान मुलगी धडपडली, उठली, पुन्हा निघाली.

"का?" तिने विचारलं.

"सगळ्यांसमोर लाज वाटली. आणि माझं नाव यादीत जायचं होतं."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"माझ्या आईशी तुमचं काही... किंवा त्या दिल्लीच्या मुलीशी काही..."

"नाही. तू कोण, ती कोण, माझ्या डोक्यातही नव्हतं."

इरावती एकदम पायरीवर बसली, खुब्याला हात लावून. "हे तर जास्तच वाईट आहे, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मुद्दाम केलं असतंत तर निदान मी मोजली तरी गेले असते. आणि हे पत्र. ते तुम्हीच पाठवलंत. हे सगळं माहीत असताना सही केलीत?"

"केली."

"चार दिवस मी शांत झोपले हो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते चार दिवसही तुमच्या खोट्यावरच काढले मी."

विशाखाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी इरावती उठली. "रडू नका. मला तुमची समजूत काढायची नाही. इथे एकटीला सांगून तुम्ही मोकळ्या व्हाल, आणि मी काय करू त्याचं? जिथे खोटं बोललात, तिथे जाऊन सांगा. सगळ्यांसमोर." मग तिने शिट्टी फुंकली आणि मुलांकडे निघून गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

मंडळाची बैठक बुधवारी दुपारी होती. नऊ माणसं, कोपऱ्यात यंत्राच्या पडद्यासमोर निनाद. विशाखाबाईंनी उभं राहून सांगितलं. चहा, वाफ, चष्मा, बलसारा सरांचा प्रश्न, आपलं उत्तर. काहीच गाळलं नाही. एक सदस्य समजुतीने म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांनी तुम्हाला नक्की आठवतंय का? तुम्ही उगाच स्वतःला लावून घेताय. यंत्रानेसुद्धा तुम्हाला निर्दोष ठरवलंय."

"यंत्राने कोन मोजला," विशाखाबाई म्हणाल्या. "मी बघत होते की नव्हते, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. ती डोळ्याची चूक नव्हती. डोळा तिथे नव्हताच."

निनाद पडद्याकडे तोंड करून बसला होता. तो तसाच म्हणाला, "मी अकरा वर्षं माझ्या डोळ्यांना दोष दिला, मॅडम."

"माहीत आहे."

"तुम्ही मला शेजारी बसवून शिकवलं होतंत. पंचाने न पाहिलेलं सांगायचं नाही. पहिल्याच दिवशी."

विशाखाबाई खाली बसल्या.

निर्णय व्हायला फार वेळ लागला नाही. गैरवर्तन म्हणून निकाल बदलला, इरावती भोईर विजेती ठरली, विशाखाबाईंचं नाव पंचांच्या सगळ्या याद्यांतून काढलं. दिल्लीची ती मुलगी आता दंतवैद्य झाली होती. तिला फोनवर कळवलं तेव्हा ती म्हणाली, पदक पाठवून देते, पण मी जिंकले होते असं मला इतकी वर्षं कशाला वाटू दिलंत? इरावतीने मंडळाच्या पत्राची पोच दिली. विशाखाबाईंना तिने काही लिहिलं नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या बुधवारीच, बैठक उठल्यावर, निनादने ती एक उडी हिशोबातून काढली, आणि माणसाची हद्द अठ्ठावीस अंशांवरून तेरावर आली. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या एका खोट्यानेच ती एवढी रुंद केली होती, आणि तिच्या आसऱ्याला बाकीचे पंच निर्धास्त उभे होते. आता ते उघड्यावर आले. पडद्यावर एकापाठोपाठ एक ओळी लाल होत गेल्या. एकतीस निर्णय, सहा पंच. सगळी विशाखाबाईंच्या काळातली माणसं, बहुतेक निवृत्त. आपण सुटलो, असं पत्र सगळ्यांच्या घरी पोचलेलं.

"यांना आता कळवावं लागेल," निनाद म्हणाला. त्याने प्रथमच मान वळवली, पण नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे होती. "यांतले बरेच प्रामाणिक असतील. त्यांनी पाहिलं, आणि चुकले. त्यांचे डोळे कुठे तेरा अंशांचे होते! तेरा अंश म्हणजे तुमचा डोळा, तुम्ही बघत असतानाचा. आता लोकांना प्रत्येकात तुम्हीच दिसाल, आणि प्रत्येकाला उभं राहून सांगावं लागेल की मी खोटं बोललो नाही. आणि त्यावर विश्वास कुणी ठेवायचा, मॅडम? तुम्हीच सांगा."

"यादी मला दे," विशाखाबाई म्हणाल्या. "फोन मी करते."

"तुम्ही आता समितीवर नाही."

"म्हणूनच. पत्र जायच्या आत त्यांना माझ्या तोंडून कळू दे, की हे कुणामुळे झालं."

 निनादने कागद पुढे सरकवला आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी पहिला नंबर लावला. मंगल पडवळ, कोल्हापूर. वय त्र्याहत्तर, पंधरा वर्षांची मैत्री, आयुष्यात कधी कुणाचा एक गुण इकडचा तिकडे केला नसेल अशी बाई. तिच्या नावापुढे सात लाल ओळी होत्या.

"अगं विशाखा!" पलीकडून आनंदी, मोठा आवाज आला. "किती दिवसांनी गं! तुझ्या सहीचं पत्र आलं हो, सगळं माफ केलंत म्हणून. मी देवापुढे ठेवलंय. बोल, काय म्हणतेस?"

विशाखाबाईंनी कागद मांडीवर पालथा घातला, आणि त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.